वाट पाहणाऱ्यांचा जुगार

गेली सहा वर्षे भाऊबिजेच्या रात्री आमच्या ठाण्याच्या घरी पोकरचा डाव बसतो, आणि गेली सहा वर्षे त्या डावाच्या शेवटी तोच वाद होतो. वाद आमच्या मेहुण्यांचा आणि माझा. त्यांचे म्हणणे असे की, पत्त्यांत काय किंवा संसारात काय, शहाण्याने थांबावे, चांगली पाने येईपर्यंत गप्प बसावे. आणि आपल्यापुढची सारी रास एकदम मध्ये लोटून ‘ऑल-इन’ म्हणणारा मनुष्य हा मूळचाच जुगारी. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. स्पर्धेच्या उत्तरार्धात, आपली रास आटत चाललेली असताना, जो थांबतो तोच खरा जुगार खेळतो, आणि तोही सर्वांत वाईट अटींवर! घरी हा वाद फराळाच्या ताटापाशी विरतो. येथे मेहुण्यांना मध्येच बोलता येणार नाही, तेव्हा या वेळी तो पुरा करण्याचा माझा विचार आहे.

दिवाळी अंकात ही जुगाराची भलामण कशाला, असे एखादे सात्त्विक वाचक विचारतील. त्यांना सांगतो की, आमच्या टेबलावर रुपया नसतो, चिंचोके असतात. नऊ माणसे, प्रत्येकी शंभर चिंचोके, एकूण नऊशे. संपले की उठायचे. पुन्हा मिळत नाहीत. बक्षीस म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी वळलेले शंभर बेसनाचे लाडू. पहिल्याला पन्नास, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला वीस, आणि बाकीच्यांनी पाहत बसायचे. पैसे लावून खेळणाऱ्यांची वकिली मला करावयाची नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. मोबाइलवर पगार उडवणारी मुले मी पाहिली आहेत. ती मुले जे करतात आणि आमच्या टेबलावर जे घडते त्यांत नाव सोडून फारसे साम्य नाही. ते का, हे पुढे येईलच.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. हा खेळ टेक्सासचा. तेथील विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावाला त्याचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. प्रत्येकाला दोन पाने पालथी, मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडी, आणि या सातांतून ज्याची पाच पाने सरस त्याचा डाव. मात्र शेवटपर्यंत पाने उघडावी लागतातच असे नाही. तुम्ही लावलेल्या डावाला भिऊन बाकीचे पॅक झाले, तर दुर्री-सत्तीवरही रास तुमचीच. तीन पत्ती खेळलेल्याला हे सांगावे लागत नाही. एकच नियम नवा. दर डावाला वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पाने पाहण्यापूर्वीच ठरलेले चिंचोके मध्ये टाकायचे. त्यांना लहान आणि मोठा ब्लाइंड म्हणतात, आणि हा आकडा वाढत जातो. आमच्याकडे दर वीस मिनिटांनी वाढतो: आधी १ आणि २, पुढे चढत चढत ५ आणि १०, मग १० आणि २०. हा कर वाढता नसता तर आमचे मेहुणे तुळशीच्या लग्नापर्यंत चांगल्या पानांची वाट पाहत बसले असते, आणि मला त्यांच्याविरुद्ध बोलता आले नसते.

आता गेल्या वर्षीची हकीकत. नवांपैकी चौघे उठले होते, पाच उरले होते. ब्लाइंड ५ आणि १०. मेहुण्यांपुढे बरोबर शंभर चिंचोके. त्यांनी हाताची घडी घातली, आणि ‘आता घाई नाही, भावोजी,’ असे मला सांगून ते चांगल्या पानांची वाट पाहू लागले.

चांगली पाने म्हणजे कोणती, हे मी त्यांना नंतर विचारून घेतले आहे. गुलामांची किंवा तिच्या वरची जोडी, नाही तर एक्का-राजा. ठीक. बावन्न पत्त्यांतून दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांच्या जोड्या प्रत्येकी ६ प्रकारे, म्हणजे २४. एक्का-राजा १६ प्रकारे. एकूण ४०. म्हणजे मेहुण्यांना हवी ती पाने सरासरी ३३ डावांतून एकदा यावयाची. पाच माणसांच्या टेबलावर पाच डावांच्या एका फेरीला प्रत्येकाचे १५ चिंचोके जातात, म्हणजे डावामागे ३. तेहतीस त्रिक नव्व्याण्णव! ब्लाइंड अजिबात वाढला नाही असे धरले, तरी ज्या क्षणी मेहुण्यांना हवी ती पाने येतील, त्या क्षणी त्यांच्यापुढे एक चिंचोका उरलेला असेल. त्या एका चिंचोक्याच्या बळावर ते एक्क्यांची जोडी खेळणार! याला सबुरी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. मी याला बुडत्या बोटीत बसून भरतीची वाट पाहणे म्हणतो.

हा हिशेब मी शोधलेला नाही. बॅकगॅमनचा नामांकित खेळाडू आणि गणितज्ञ पॉल मॅग्रिएल याने तो सुचवला, आणि १९९५ सालचा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने २००५ मध्ये आपल्या पुस्तकातून तो घरोघर पोहोचवला. तुमच्या राशीला एका फेरीच्या खर्चाने भागा. वीसाच्या वर उत्तर आले तर हिरवा दिवा, कसेही खेळा. दहाच्या खाली आले की नारिंगी. सहाच्या खाली तांबडा. मेहुण्यांचे उत्तर १०० भागिले १५, म्हणजे पावणेसातही नाही. दिवा नारिंगी होता, आणि हे गृहस्थ हिरव्या दिव्याखाली असल्यासारखे निवांत बसले होते.

माझा मुद्दा येथे आहे. सबुरी हा गुण आहे हे मला कबूल. पण तो फुकट मिळत नाही. त्याची किंमत दर फेरीला मोजावी लागते, आणि ज्याच्यापुढे चारशे चिंचोके आहेत त्याला ती मोजणे परवडते. ज्याच्यापुढे शंभर आहेत त्याने चारशेवाल्याची सबुरी उसनी आणणे म्हणजे ऋण काढून सण करणे होय. आपल्या मध्यमवर्गाला हे कोणी शिकवलेच नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपण लहानपणी पाठ करतो. अंथरूण दर वीस मिनिटांनी आखूड होत असेल तर काय करावे, याविषयी ती म्हण काही बोलत नाही.

मला हे बोलण्याचा अधिकार आहे, कारण मी स्वतः असा बसून राहिलेला मनुष्य आहे. नोकरीत असताना एका मित्राने मला छापखान्यात भागीदारी देऊ केली होती. माझी शिल्लक बेताची होती. मी म्हटले, बढती होऊ दे, मग निश्चिंत मनाने येतो. बढती तीन वर्षांनी झाली. तोवर जागेचे आणि यंत्रांचे भाव माझ्या शिलकीच्या कितीतरी पुढे गेले होते, आणि मित्राने दुसरा भागीदार गाठला होता. काही अनर्थ झाला नाही. निवृत्तिवेतन वेळेवर येते. तो छापखाना पुढे बंद पडला हे मेहुणे मला दर वर्षी ऐकवतात. पडला खरा, पण सत्तावीस वर्षे चालून!

पुन्हा टेबलाकडे वळू. मेहुण्यांनी काय करावयास हवे होते? समजा, ते वाटणाऱ्याच्या जागी आहेत, अलीकडचे दोघे पॅक झाले आहेत, आणि पुढे फक्त ब्लाइंडवाले दोघे उरले आहेत. मध्ये १५ चिंचोके आयतेच पडले आहेत. हातात पाने मध्यम, एक्का-छक्की म्हणा. मेहुणे शंभरही चिंचोके आत लोटतात. आता समोरचे दोघे सातांतून एकदाच भिडतील असे धरा. शंभर चिंचोक्यांना तोंड द्यायला कोणीही बरी पाने मागणारच. मग शंभरांतून ७३ वेळा दोघेही पॅक होतात, आणि पान न उघडता १५ चिंचोके घरी येतात: १,०९५ जमा. उरल्या २७ वेळा गाठ पडते. त्यांतही मेहुण्यांचे नशीब फाटके धरू. नऊच वेळा जिंकले, अठरा वेळा हरले. नऊ वेळा किमान १०५ प्रमाणे ९४५ जमा. अठरा वेळा शंभराप्रमाणे १,८०० खर्च. गोळाबेरीज करा: २४० चिंचोके शिल्लक! गाठ पडली की तीनांतून दोनदा हरणारा मनुष्य एकंदरीत नफ्यात आहे. कारण त्याच्याजवळ जिंकण्याच्या दोन वाटा आहेत. एक पानांची, आणि दुसरी समोरच्याच्या भीतीची. थांबणाऱ्याजवळ पहिलीच तेवढी उरते.

येथे आमच्यावर धर्मराज फेकला जातो. घरात कोणीही ‘ऑल-इन’ म्हटले की मेहुणे सभापर्व काढतात. धर्मराजाविषयी आदर राखूनही मला असे म्हणावेसे वाटते की, हा दाखला येथे लागूच पडत नाही. फासा कोणाला भीत नाही. तुम्ही राज्य लावा की कवडी लावा, शकुनी काही ‘मी पॅक’ म्हणत नसतो. म्हणजे धर्मराजाजवळ जिंकण्याची दुसरी वाट नव्हती, आणि पहिलीवर शकुनी बसला होता. शिवाय तो दर खेपेस नवी वस्तू बाहेरून पटावर आणीत गेला: रथ, हत्ती, भाऊ, शेवटी पत्नी. आमच्या स्पर्धेत बाहेरून काही आणताच येत नाही. शंभर चिंचोके संपले की तुम्ही प्रेक्षक. मोबाइलवर पगार उडवणारी मुले धर्मराजाच्या वाटेने जातात; स्पर्धेत योग्य वेळी सर्वस्व लावणारा जात नाही.

बरे, मेहुणे थांबले त्याचे झाले काय? दोन फेऱ्यांत तीस गेले, सत्तर उरले. ब्लाइंड १० आणि २० झाला. आणखी एका फेरीत तीस गेले, चाळीस उरले. मधल्या काळात छक्क्यांची जोडी, राजा-राणी आणि एक्का-अठ्ठी अशी पाने त्यांनी टाकून दिली, आणि ते नंतर अभिमानाने सांगितलेही. मग एकदाच्या राण्यांची जोडी आली. मेहुण्यांनी चाळीस चिंचोके असे काही ऐटीत पुढे सारले की जणू शत्रूची दाणादाणच उडावी! त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या भाच्याने, पान पुरते न पाहताच चिंचोके जुळवले. वहिनी मोठ्या ब्लाइंडवर होत्या, हातात सत्ती-चौकी. त्याही आल्या. मध्ये सत्ती पडली, चौकी पडली, आणि मेहुणे पत्नीच्या हातून पाचवे येऊन उठले. ‘सत्ती-चौकीवर कोणी येते का?’ हा त्यांचा प्रश्न लाडू संपेपर्यंत घरात घुमत होता.

येते! वहिनींचे काडीचेही चुकले नव्हते. त्यांचे वीस आधीच आत होते. आणखी वीस टाकून मध्ये पडलेले शंभर मिळण्याचा संभव होता. सहांतून एकदा जिंकले तरी तो व्यवहार फिटतो. पाऊण तासापूर्वी मेहुण्यांनी शंभर लावले असते, तर मोठ्या ब्लाइंडवरच्या माणसाला आणखी नव्वद टाकावे लागले असते, आणि ते फिटायला शंभरांतून ४४ वेळा जिंकणे भाग होते. सत्ती-चौकीवर नव्वद कोण टाकील? शंभर चिंचोक्यांना लोक भितात. चाळीसांना भीत नाहीत. मेहुणे पाने जमवीत बसले, आणि लोकांना त्यांची जी भीती होती ती खर्चून टाकली. बरे, राण्या जिंकल्या असत्या तरी काय होते? चाळीस त्रिक एकशे वीस, आणि ब्लाइंड २०. म्हणजे सहा ब्लाइंड. पाऊण तासापूर्वी न खेळता त्यांच्याजवळ दहा होते.

थांबणाऱ्यांचा आणखी एक लाडका दाखला आहे. तो भाच्याने आणला आणि मेहुण्यांनी उचलून धरला. १९८२ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉस या खेळाडूपुढे एकच चकती उरली होती, आणि तेथून तो स्पर्धा जिंकला. ‘एक चकती आणि बसायला खुर्ची’ एवढे असले की पुरे, अशी म्हणच त्यावरून पोकरवाल्यांत रूढ झाली. गोष्ट खरी आहे. पण स्ट्रॉस काही ती चकती कवटाळून राण्यांची वाट पाहत बसला नव्हता. एका चकतीवर कोणाला बसताच येत नाही, ती आत टाकावीच लागते. आणि स्ट्रॉसची गोष्ट आपण अजून सांगतो ती ती विरळा आहे म्हणूनच. एका चकतीपर्यंत थांबून मग घरी गेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही.

आमच्या सौभाग्यवतींना मॅग्रिएल ठाऊक नाही, हॅरिंग्टन ठाऊक नाही. परंतु त्या रात्री नव्वदाच्या आसपास आल्यावर त्यांनी दोनदा सारे चिंचोके आत लोटले, दोन्ही वेळा सगळे पॅक झाले, आणि त्या पुन्हा सव्वाशेच्या पुढे गेल्या. मी विचारले, हे तुला कोणी शिकवले? तर म्हणाल्या, ‘पीठ संपल्यावर का कोणी दळणाचा डबा गिरणीत पाठवतं?’ माझ्या दोन पानी हिशेबाचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला याचे मला वैषम्य वाटते, पण ते येथे नोंदवणे प्राप्त आहे.

एवढे वाचून एखादा तरुण वाचक खूश झाला असेल, तर त्यालाही अंमळ थांबवतो. आत लोटणे निराळे आणि दुसऱ्याने लोटलेले झेलणे निराळे. झेलणाऱ्याजवळ भीतीची वाट नसते. त्याला पानांवरच जिंकावे लागते. म्हणून स्क्लान्स्की या ग्रंथकाराने सांगून ठेवले आहे की, स्वतः पुढाकार घ्यायला जी पाने पुरतात, त्यांहून सरस पाने दुसऱ्याचा डाव झेलायला लागतात. जॉन नॅशने १९५० च्या आपल्या प्रबंधात तिघांच्या एका साध्या पोकरचे उदाहरण सोडवले होते. त्याच्याच तत्त्वावर आज जी कोष्टके निघतात त्यांत हे उघड दिसते. दोघेच उरलेले, दहा मोठे ब्लाइंड जवळ. अशा वेळी लहान ब्लाइंडवाल्याने निम्म्याहून अधिक पानांवर सर्वस्व लोटावे, पण समोरच्याने साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिक पानांवरच ते झेलावे. आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर झेलणे आणखी महाग पडते.

ते कसे, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. मेहुणे उठल्यावर आम्ही चौघे उरलो: सौभाग्यवती, वहिनी, भाचा आणि मी. राशी जवळजवळ सारख्या. हिशेबापुरत्या २२५ धरू. लाडू तिघांनाच. भाच्याने पहिल्याच बोलीला सर्वस्व लोटले. माझ्या हातात एक्का-नव्वी. पोर आपल्याला दबवते आहे, असे मला वाटले. तसे ते दबवीतच होते. मी झेलले. त्याच्याकडे राजा-गुलाम निघाला. माझी पाने सरस होती, शंभरांतून साठापेक्षा थोड्या कमी वेळा ती जिंकली असती, आणि मी याच जोरावर आलो होतो. राजा पडला. मी चौथा, लाडू शून्य.

नंतर रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब मांडला. चौघे सारखे, तर प्रत्येकाच्या राशीचे मोल पंचवीस लाडू. मी जिंकलो असतो तर माझ्याकडे निम्मे चिंचोके आले असते. पहिले येण्याचा संभव निम्मा, दुसरे येण्याचा एक तृतीयांश, तिसरे येण्याचा एक षष्ठांश. लाडवांत मांडा: २५ आणि १० आणि ३⅓, मिळून ३८⅓. चिंचोके दुप्पट, पण लाडू दीडपटीहून जरासे अधिक! हरलो तर मात्र पंचवीसच्या पंचवीस गेले. म्हणजे ब्लाइंडचे किरकोळ चिंचोके सोडले, तर शंभरांतून ६५ वेळा जिंकणारी पाने असतील तरच झेलावे. माझी साठालाही पोहोचत नव्हती. भाच्याने लोटले ते बरोबर, कारण मी शहाण्यासारखा पॅक होईन असे त्याने धरले होते. मी झेलले ते चूक. मेहुणे याला ‘तुमच्या तत्त्वाचा पराभव’ म्हणतात. तो माझ्या तत्त्वाचा नव्हे, माझ्या अहंकाराचा पराभव होता. जेथे थांबायचे तेथे मी थांबलो नाही, आणि जेथे थांबू नये तेथे ते थांबले.

शेवटी सौभाग्यवती पहिल्या आल्या. पन्नास लाडू जिंकून त्यांनी ते ज्या डब्यातून काढले होते त्याच डब्यात पुन्हा भरले.

यंदाच्या भाऊबिजेसाठी चिंचोके मोजून झाले आहेत; आठशे सत्तर भरले, तीस कमी पडतात. परवा मेहुण्यांचा फोन आला होता. त्यांनी नियमदुरुस्ती सुचवली आहे: ब्लाइंड वीसऐवजी चाळीस मिनिटांनी वाढवावा. मी विरोध केला. मला पहाटेपर्यंत जागणे जमत नाही, हे एक. आणि कराचा दर अर्ध्यावर आणून मग सबुरीचे गोडवे गाणे यात मर्दुमकी ती कोणती, हे दुसरे. पण त्यांची मागणी डाव सुरू होण्यापूर्वी आलेली आहे, तेव्हा ती मतास टाकावी लागेल. नवांपैकी चार मते माझ्याकडे आहेत. वहिनी अजून काही बोललेल्या नाहीत.